परिवीक्षा अधिकारी (बाल न्याय)

गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलाची कौटुंबिक व सामाजिक पार्श्वभूमी तपासून बाल न्याय मंडळाला अहवाल देणारा, आणि मंडळाने मुलाला घरी पाठविल्यास ठरावीक काळ त्याच्यावर देखरेख ठेवून त्याला मार्गदर्शन करणारा अधिकारी म्हणजे परिवीक्षा अधिकारी होय. भारतात अशा मुलास ‘आरोपी’ किंवा ‘गुन्हेगार’ न म्हणता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. पोलीस, न्यायदंडाधिकारी आणि निरीक्षणगृहाचे अधीक्षक यांचा मुलाशी संबंध प्रकरणाच्या एखाद्या टप्प्यापुरता येतो. परिवीक्षा अधिकाऱ्याचा संबंध मात्र अटकेच्या बातमीपासून मूल पुन्हा शाळेत किंवा कामावर स्थिरावेपर्यंत चालू राहावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

संज्ञा

‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी आणि ‘वीक्षा’ म्हणजे पाहणे. त्यामुळे ‘परिवीक्षा’ या शब्दाचा अर्थ सर्व बाजूंनी पाहणे, नजर ठेवणे असा होतो. शासकीय कागदपत्रांत हाच शब्द अनेकदा ‘परिविक्षा’ असा ऱ्हस्व लिहिलेला आढळतो. बोलीत ‘प्रोबेशन ऑफिसर’ हाच शब्द रूढ आहे. निरीक्षणगृहालाही लोक आजतागायत ‘रिमांड होम’ किंवा ‘बालसुधारगृह’ म्हणतात. तथापि निरीक्षणगृह हे चौकशी चालू असलेल्या मुलांसाठी असते. दोष सिद्ध झाल्यावर मंडळाने पाठविलेल्या मुलांसाठी ‘विशेष गृह’ ही वेगळी संस्था आहे. गंभीर प्रकरणांतील सोळा वर्षांवरील मुलांना व चौकशीच्या काळात अठरा वर्षे ओलांडलेल्यांना ‘सुरक्षित स्थानी’ ठेवण्याची तरतूद आहे.

इतिहास

परिवीक्षेची कल्पना न्यायालयात नव्हे, तर एका चांभाराच्या दुकानात जन्मली. अमेरिकेतील बोस्टन शहरात बूट तयार करण्याचा व्यवसाय करणाऱ्या जॉन ऑगस्टस याने १८४१ मध्ये दारूच्या नशेबद्दल पकडलेल्या एका माणसाचा जामीन स्वतः घेतला आणि काही आठवड्यांनी त्याला सुधारलेल्या अवस्थेत न्यायालयापुढे उभे केले. पुढील अठरा वर्षांत त्याने जवळपास दोन हजार स्त्री-पुरुषांची व मुलांची अशी हमी घेतली. त्याच्या कार्यानंतर मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७८ मध्ये पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याचा कायदा केला. १८९९ मध्ये शिकागो येथे मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू झाले.

भारतात या विषयाची सुरुवात हुन्नर शिकविण्यापासून झाली. १८५० च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना कारागिराच्या हाताखाली ठेवता येत असे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुलांसाठी औद्योगिक व सुधारगृहात्मक संस्था उभी राहिली. ती आज माहीम येथे डेव्हिड ससून औद्योगिक शाळा या नावाने ओळखली जाते. १८७६ व १८९७ चे सुधारशाळा कायदे त्यानंतरचे. या सर्व उपायांत मुलाला सुधारण्याचे काम प्रामुख्याने इमारतीवर, म्हणजे शिस्त, कुंपण व कार्यशाळा यांवर सोपविलेले होते.

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना तुरुंगापासून दूर ठेवण्याची शिफारस केली. मद्रास (१९२०) व बंगाल (१९२२) यांच्यापाठोपाठ मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये बालक अधिनियम संमत झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये ‘चिल्ड्रेन्स एड सोसायटी’ स्थापन झाली आणि मुंबईत बालन्यायालय सुरू झाले. सोसायटीचे डोंगरी येथील निरीक्षणगृह जुन्या उमरखाडी तुरुंगाच्या जागेत आहे. कोल्हापूर प्रकरणात शिक्षा झालेले टिळक व आगरकर १८८२ मध्ये याच तुरुंगात होते. आगरकरांनी त्या दिवसांवर ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले.

प्रशिक्षित माणसांची उणीव भरून निघण्यास १९३६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले. १९३८ मध्ये मुंबई प्रांताने अपराधी परिवीक्षा कायदा केला, तर संपूर्ण देशासाठीचा कायदा १९५८ मध्ये आला. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत ‘जिल्हा परिवीक्षा व अनुरक्षण संघटना’ स्थापन झाल्या आणि निरीक्षणगृहे चालविण्याची जबाबदारी त्यांनी उचलली.

कायदे असूनही मुले तुरुंगात राहतच होती. पत्रकार शीला बारसे यांनी सोळा वर्षांखालील मुले देशभरातील तुरुंगांत असल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने १९८६ मध्ये त्याबाबत निर्देश दिले, आणि त्याच वर्षी देशभर लागू होणारा पहिला बाल न्याय कायदा संमत झाला. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता दिली. २००० च्या कायद्याने मुलगा व मुलगी दोहोंसाठी वयोमर्यादा अठरा वर्षे केली. सध्या लागू असलेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आहे.

नेमणूक

२०१५ च्या कायद्यानुसार, १९५८ च्या कायद्याखाली नेमलेला अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातील ‘विधी तथा परिवीक्षा अधिकारी’ हे काम करतो. तो ज्या मंडळाला अहवाल देतो त्यात एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात आणि या दोघांपैकी किमान एक स्त्री असणे बंधनकारक आहे.

कार्य

सामाजिक तपासणी अहवाल : मुलाला ताब्यात घेतल्यावर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, मंडळापुढे उभे करावे लागते. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात त्याला ठेवता येत नाही. पोलिसांनी आई-वडिलांबरोबरच परिवीक्षा अधिकाऱ्यालाही कळवावयाचे असते आणि त्याने दोन आठवड्यांत अहवाल द्यावयाचा असतो. या अहवालात गुन्हा कसा घडला यापेक्षा मूल कोणत्या परिस्थितीत वाढले याला महत्त्व असते. घरात कोण कमावते, मुलाने शाळा केव्हा व का सोडली, त्याची संगत कोणाची, त्याला व्यसन आहे काय, त्याच्यावर पूर्वी अत्याचार झाला आहे काय, तसेच ज्याचे तो ऐकतो असा एखादा मोठा माणूस आहे काय, या गोष्टी त्यात नोंदविल्या जातात. शेवटचा प्रश्न साधा दिसला तरी मुलाला घरी पाठवावे की गृहात, हा निर्णय पुष्कळदा त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो.

देखरेख : आरोप जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनावर सोडणे किंवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली अथवा ‘योग्य व्यक्ती’च्या सांभाळात ठेवणे हा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. सुटकेमुळे मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, असे मानण्यास सबळ कारण असेल तरच तो नाकारता येतो. चौकशीअंती दोष आढळल्यास समज देऊन घरी पाठविणे, सामूहिक समुपदेशन, समाजसेवा, सदाचाराच्या हमीवर सुटका किंवा विशेष गृह असे पर्याय मंडळापुढे असतात. सदाचाराच्या हमीचा व विशेष गृहातील वास्तव्याचा काळ तीन वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही. ‘योग्य व्यक्ती’ ही मुलाची नातेवाईकच असावी असे बंधन नाही. जबाबदारी स्वीकारण्यास तयार असलेल्या व मंडळाने पारखलेल्या शिक्षकाला वा शेजाऱ्यालाही ती भूमिका घेता येते.

अनुरक्षण : गृहात असलेल्या मुलासाठी वैयक्तिक देखभाल योजना तयार केली जाते. वयाची अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्या तरुणाला आर्थिक साहाय्य व निवासाची सोय देण्याची तरतूदही कायद्यात आहे. दोष सिद्ध झाला तरी, प्रौढ म्हणून खटला चाललेले सोळा वर्षांवरील मूल वगळता, त्या निर्णयामुळे पुढील शिक्षण वा नोकरीत अपात्रता येत नाही. मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे देखरेखीसाठी घरी किंवा शाळेत जाणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्या भेटीचे कारण शेजाऱ्यांना कळणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते.

स्वयंसेवी प्रयत्न

शासकीय अधिकाऱ्याच्या बरोबरीने काही संस्था व व्यक्ती हे काम करतात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या गुन्हेशास्त्र विभागातील डॉ. सनोबर साहनी यांनी १९९० मध्ये ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू केला. मुंबई मध्यवर्ती कारागृहातील (आर्थर रोड) तरुण कैद्यांपासून त्याची सुरुवात झाली. वयाची अठरा वर्षे ओलांडल्यामुळे बाल न्यायाचे संरक्षण संपलेले हे तरुण होते. त्यांना कायदेविषयक मदत देणे, घराशी तुटलेला संपर्क जोडणे आणि सुटकेनंतर कामाची सवय लावणे या मार्गाने प्रकल्पाचे काम चालते. संकटातील मुलांसाठी असलेली १०९८ ही दूरध्वनी सेवाही याच संस्थेतून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने, १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली.

मूल मंडळापुढे येण्याआधीच त्याचा हात धरणारे प्रयत्न वेगळ्या प्रकारचे आहेत. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारून खेळणारी वस्तीतील मुले पाहिली आणि त्यांच्यासाठी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा चित्रपट त्यांच्या कार्यावर आधारित आहे.

ग्रामीण जिल्ह्यांतील स्थिती : रायगडचे उदाहरण

कायद्यातील मुदती शहर डोळ्यांपुढे ठेवून आखल्यासारख्या वाटतात. रायगड जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. एका टोकाला मुंबईला लागून असलेले पनवेल व उरण, तर दुसऱ्या टोकाला सह्याद्रीच्या पायथ्याचे पोलादपूर आहे. रोहा तालुक्यात धाटाव येथील रासायनिक कारखाने, पेणमध्ये गणेशमूर्तींच्या कार्यशाळा आणि दोन्ही तालुक्यांत डोंगरालगतच्या कातकरी वाड्या असे भिन्न जीवन शेजारी शेजारी नांदते. कातकरी ही विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणलेली जमात आहे. तिच्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुले बरोबर गेली की शाळा सुटते. अशा वाडीतील मुलाचे प्रकरण हिवाळ्यात उद्भवले, तर अधिकाऱ्याला घराला कुलूप आढळते, आणि दोन आठवड्यांत पालकांना भट्टीवर गाठणे हेच तपासणीचे पहिले काम ठरते. पालक न भेटल्यास ‘मुलाला सांभाळणारे कोणी नाही’ असा निष्कर्ष निघू शकतो, आणि केवळ गरिबीमुळे मूल गृहात राहण्याची शक्यता निर्माण होते.

दुसरी अडचण पूर्वग्रहाची आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. १९५२ मध्ये या जमाती विमुक्त झाल्या, तरी पारध्यांसारख्या समाजांवरील संशय पुसला गेलेला नाही. ‘या लोकांत असेच चालते’ असे वाक्य तपासणी अहवालात उतरले, तर मुलाऐवजी त्याच्या जातीची चौकशी होते. हे टाळण्यासाठी अहवाल ऐकीव माहितीवर न लिहिता मूल, पालक, शिक्षक व शेजारी यांच्याशी प्रत्यक्ष बोलून लिहिणे आवश्यक मानले जाते.

मर्यादा व वाद

परिवीक्षा अधिकाऱ्याच्या भूमिकेत मूलतःच एक ताण आहे. मुलाने विश्वासाने मन मोकळे करावे अशी अपेक्षा असते, पण अटींचा भंग झाल्यास तोच अधिकारी मंडळाला कळविण्यास बांधील असतो. बाल संरक्षण कक्षांतील पदे कंत्राटी असल्याने अधिकारी बदलतो व मुलाला आपली हकिगत नव्या माणसाला पुन्हा सांगावी लागते. जे नाते हाच या व्यवस्थेचा मुख्य उपाय आहे, तेच त्यामुळे खंडित होते.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर कठोर शिक्षेची मागणी वाढली. २०१५ च्या कायद्याने घृणास्पद गुन्ह्यातील सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता तपासून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट खुली केली. तरीही अशा मुलाला फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही, आणि एकविसाव्या वर्षी त्याच्यातील सुधारणा पुन्हा तपासावी लागते.

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेत दोघांचा मृत्यू झाला. ती चालविणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना घातलेल्या अटींत तीनशे शब्दांच्या निबंधाचा समावेश होता. त्यावर राज्यभर संताप व्यक्त झाला. नंतर त्याला निरीक्षणगृहात पाठविण्यात आले व जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याची सुटका झाली. या वादात शिक्षा सौम्य की कठोर याचीच चर्चा अधिक झाली. निबंध असो, समाजसेवा असो वा तीन वर्षांचे विशेष गृह, त्यांतून मुलाला आपल्या कृत्याची जाणीव व्हावयाची असेल, तर त्याच्यासोबत सातत्याने बसणारा कोणी असावा लागतो, हा परिवीक्षेमागील मूळ विचार त्या चर्चेत फारसा आला नाही.