इटियाडोहच्या शिवेवरची ख्रिस्तसभा

मराठी कॅथलिक ज्याला ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात, त्याला गावातले बाकीचे लोक ‘चर्च’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच गोष्टीसाठी वापरले जात असले तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. ‘चर्च’ ग्रीक भाषेतल्या ‘प्रभूचे’ या अर्थाच्या शब्दापासून आला. प्रभूचे म्हणजे प्रभूचे घर, असे समजले गेले आणि शब्द इमारतीला चिकटला. नव्या करारात मात्र वेगळाच शब्द आहे, ‘एक्लेसिया’. ग्रीक नगरांत नागरिकांना हाक देऊन बोलावत आणि त्यांची सभा भरवत, त्या सभेला एक्लेसिया म्हणत. हाच शब्द लॅटिनमधून पोर्तुगीजांकडे गेला, पोर्तुगीजांकडून गोव्यात आला आणि कोकणीत ‘इगर्ज’ झाला. वसईच्या जुन्या पिढीच्या तोंडी अजून ‘देऊळ’ आहे. प्रोटेस्टंट परंपरेतल्या मराठी बायबलने ‘मंडळी’ हा शब्द घेतला. ‘घरची मंडळी’, ‘पंगतीला बसलेली मंडळी’ असे रोज बोलणाऱ्या माणसाला या सगळ्यांत ‘मंडळी’ सर्वांत जवळचा वाटेल. मूळ अर्थाला सर्वांत नेमका भिडणारा शब्द मात्र ‘ख्रिस्तसभा’ हाच. बोलावणारा ख्रिस्त आणि जमलेली ती सभा, एवढे सगळे त्या एका शब्दात आहे.

सामान्य कॅथलिक माणूस, म्हणजे जो धर्मगुरू नाही आणि व्रतस्थही नाही, त्याला मराठीत ‘प्रापंचिक’ म्हणतात. त्याच्या रोजच्या बोलण्यात ‘चर्च’ तीन अर्थांनी येते. ‘चर्चला रंग दिला’ म्हटले की वास्तू. ‘चर्चने परवानगी दिली नाही’ म्हटले की बिशप, फादर आणि त्यांचे कार्यालय. ‘आपले चर्च अडचणीत मदतीला धावले’ म्हटले की शेजारची कुटुंबे. गोंधळ होतो तो दुसऱ्या अर्थामुळे. तिथे चर्च म्हणजे ‘ते’ होतात, आणि प्रापंचिक माणूस स्वतःला चर्चचा घटक न मानता चर्चकडे दाखला मागायला आलेला अर्जदार मानू लागतो.

हा समज त्याने स्वतःहून करून घेतलेला नाही. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या वादात कॅथलिक बाजूने ख्रिस्तसभेच्या दृश्य रूपावर भर दिला गेला. कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन यांनी तर फ्रान्सचे राज्य किंवा व्हेनिसचे प्रजासत्ताक जितके उघड दिसते तितकीच ख्रिस्तसभाही दिसणारी आहे, असे मांडले. 1906 मध्ये पोप पायस दहावे यांच्या परिपत्रकात ख्रिस्तसभा ही मेंढपाळ आणि कळप अशा दोन असमान वर्गांची आहे आणि कळपाचे काम मागून चालण्याचे आहे, असा आशय होता. पायस बारावे यांनी 1943 मध्ये संत पौलाची ‘ख्रिस्ताचे शरीर’ ही कल्पना पुन्हा मध्यभागी आणली. शरीरात डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ म्हणू शकत नाही, हे पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना बजावले होते.

खरे वळण आले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत. ख्रिस्तसभेविषयीचा तिचा प्रमुख दस्तऐवज ‘लुमेन जेन्सियुम’ 21 नोव्हेंबर 1964 रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या मसुद्याची एक गोष्ट प्रापंचिकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. आरंभीच्या मांडणीत ख्रिस्तसभेच्या रहस्याविषयीच्या प्रकरणानंतर थेट पोप, बिशप आणि धर्मगुरू यांचे प्रकरण येत होते आणि सर्वसामान्य श्रद्धावंत त्यानंतर. चर्चेअंती क्रम बदलला. ‘देवाची प्रजा’ हे प्रकरण दुसऱ्या स्थानी आले आणि अधिकारी वर्गाचे प्रकरण तिसऱ्या स्थानी गेले. एवढ्या अदलाबदलीने अर्थ पालटला. आधी बाप्तिस्मा आणि त्याने सर्वांना मिळणारी समान प्रतिष्ठा, त्यानंतर त्या प्रजेच्या सेवेसाठी नेमलेली पदे, असा तो क्रम आहे. बिशप हाही आधी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती असतो, बिशप नंतर होतो. आजच्या आकड्यांवरूनही हे उमजते. जगात सुमारे 140 कोटी कॅथलिक आहेत आणि धर्मगुरू चार लाखांच्या घरात. बिशप, धर्मगुरू आणि व्रतस्थ मिळून शंभरात एकही भरत नाहीत.

बाप्तिस्म्याच्या विधीत हे सगळे एका कृतीत दाखवले जाते. पाणी घातल्यानंतर लॅटिन पद्धतीत धर्मगुरू बाळाच्या टाळूला सुगंधी पवित्र तेल लावतो. ख्रिस्त जसा याजक, संदेष्टा आणि राजा, तसे हे बाळही त्याच्या शरीराचा अवयव म्हणून राहो, अशी प्रार्थना त्या वेळी होते. आईच्या कडेवर रडणाऱ्या, टाळूवरचे तेल कानाकडे ओघळणाऱ्या त्या मुलाला ख्रिस्तसभेतले तिन्ही अधिकार तिथेच मिळतात. कित्येक पालक फोटो काढण्याच्या गडबडीत हे वाक्य ऐकत नाहीत, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

‘देवाची प्रजा’ ही कल्पना एकदा मान्य केली की प्रश्न येतो तो सीमेचा. ही प्रजा कुठे एक असते आणि कुठे वेगळी? इटियाडोहच्या परिसरात याचे उत्तर नकाशावर दिसते. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, गाढवी नदीवर हे धरण आहे. त्याचे पाणी कालव्यांनी अर्जुनी मोरगावच्या धानाच्या बांध्यांना मिळते आणि जिल्ह्याची शीव ओलांडून गडचिरोलीतल्या देसाईगंज व आरमोरी तालुक्यांतही जाते. भाषा, धान आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे वेड दोन्हीकडे सारखेच. कॅथलिक ख्रिस्तसभेची व्यवस्था मात्र या शिवेवर बदलते.

धरण ज्या बाजूला आहे ती बाजू नागपूरच्या लॅटिन धर्मप्रांताची. हा धर्मप्रांत 1887 मध्ये स्थापन झाला. फ्रान्सच्या सावोय भागातून आलेल्या संत फ्रान्सिस द सालच्या मिशनऱ्यांनी विशाखापट्टणमहून या प्रदेशात काम सुरू केले होते. त्यांच्यापैकीच अलेक्सी रिकाझ हे नागपूरचे पहिले बिशप झाले. 1953 मध्ये नागपूर महाधर्मप्रांत झाला. शिवेपलीकडचा गडचिरोली जिल्हा त्या काळी चांदा जिल्ह्याचा भाग होता. 1962 मध्ये चांद्याचा हा प्रदेश वेगळा काढून केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेतल्या सीएमआय या व्रतस्थ संघाकडे सोपवण्यात आला. 1977 मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्याचे प्रमुख मंदिर बल्लारपूरला आहे. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये आणि गोंदिया जिल्हा 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणजे आज ‘गोंदिया-गडचिरोली’ दिसणारी ही सीमा ख्रिस्तसभेच्या हिशेबात जुन्या भंडारा आणि चांदा जिल्ह्यांची सीमा आहे. गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणारी रेल्वे अर्जुनी सोडून वडशाला, म्हणजे देसाईगंजला, पोहोचते, तेव्हा गाडीतला कॅथलिक प्रवासी लॅटिन धर्मप्रांतातून सिरो-मलबार धर्मप्रांतात आलेला असतो.

सिरो-मलबार म्हणजे वेगळा पंथ नव्हे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. कॅथलिक ख्रिस्तसभा ही 24 स्वायत्त ख्रिस्तसभांचे एकत्रित कुटुंब आहे. त्यांतली लॅटिन सर्वांत मोठी, उरलेल्या 23 पौर्वात्य. भारतात तीन आहेत: लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकारा. पोप सर्वांचे एकच, श्रद्धा एकच, सात संस्कार तेच. उपासनेची रीत, पंचांग आणि कायदा वेगळा. लॅटिन ख्रिस्तसभेला 1983 ची धर्मविधी संहिता लागू आहे, तर पौर्वात्यांना 1990 ची. लॅटिन लोक ज्याला मिस्सा म्हणतात त्याला सिरो-मलबार लोक कुर्बाना म्हणतात. अर्जुनीकडचा कॅथलिक उपवासकाळाची राख बुधवारी कपाळी लावतो, तर वडशाकडचा सिरो-मलबार कॅथलिक त्याच्या दोन दिवस आधी, सोमवारी. लॅटिन मुलाला दृढीकरण संस्कार कळत्या वयात मिळतो. सिरो-मलबार बाळाला तो बाप्तिस्म्यासोबतच मिळतो.

‘कॅथलिक’ या शब्दाचा अर्थ या फरकांमधूनच उलगडतो. ‘समग्राला धरून असलेले’ असा त्याचा ग्रीक अर्थ आहे. अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस यांनी दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्तसभेसाठी तो वापरला. समग्र म्हणजे एकसारखे नव्हे. ज्यांना सगळीकडे एकच लॅटिन साचा हवा होता त्यांचा समज चुकीचा होता, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पौर्वात्य ख्रिस्तसभांवरच्या 1964 च्याच दस्तऐवजात स्पष्ट केले.

प्रापंचिक माणसाला याचा प्रत्यक्ष संबंध लग्नात कळतो. समजा, अर्जुनीची लॅटिन मुलगी देसाईगंजच्या सिरो-मलबार मुलाशी लग्न करते. लग्न पूर्ण वैध, दोन्ही बाजू कॅथलिकच. मुले सर्वसाधारणपणे वडिलांच्या ख्रिस्तसभेत गणली जातात. दोघांच्या संमतीने आईच्याही ख्रिस्तसभेत घालता येतात. पत्नीला हवे तर ती नवऱ्याच्या ख्रिस्तसभेत जाऊ शकते, पण तिच्यावर सक्ती नाही. ती आयुष्यभर रविवारी कुर्बानाला गेली तरी तेवढ्याने तिची नोंद बदलत नाही. विवाहसंस्काराकडे पाहण्याची दृष्टीही वेगळी आहे. लॅटिन परंपरेत वधू-वर स्वतःच एकमेकांना हा संस्कार देतात, धर्मगुरू साक्षीदार असतो. पौर्वात्य परंपरेत धर्मगुरूचा आशीर्वाद संस्काराचाच भाग आहे. दोन प्रापंचिक माणसे एकमेकांना संस्कार देतात, ही लॅटिन शिकवण लग्नघरात कोणी नीट समजावून सांगत नाही. सांगायला हवी.

9 ऑक्टोबर 2017 रोजी पोप फ्रान्सिस यांनी सिरो-मलबार ख्रिस्तसभेचे अधिकारक्षेत्र भारतभर वाढवले. तेव्हापासून लॅटिन आणि सिरो-मलबार धर्मप्रांतांमधली शीव पूर्वीइतकी कडेकोट राहिली नाही. एकाच गावात दोन बिशपांचे लोक राहू शकतात. ख्रिस्तसभा आधी माणसांची असते आणि जमिनीची नंतर, हे त्यातून आपोआप पटते. धर्मविधी संहितेतली ‘पॅरिश’ म्हणजे धर्मग्रामाची व्याख्याही तेच सांगते. धर्मग्राम म्हणजे श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय, हद्द त्यानंतर येते.

तत्त्व आणि व्यवहार यांच्यात मात्र अंतर आहे. 1983 च्या संहितेने सर्व श्रद्धावंतांची प्रतिष्ठा समान मानली आणि आपल्या ज्ञानानुसार ख्रिस्तसभेच्या हिताचे मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क, प्रसंगी कर्तव्यही, त्यांना दिले. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती सक्तीची केली. पॅरिश कौन्सिल मात्र बिशपला योग्य वाटेल तिथेच, आणि तीही सल्ला देण्यापुरती. सल्ला ऐकणे हे फादरच्या स्वभावावर सोडले गेले, आणि इथेच कायदा कमी पडतो. 2021 ते 2024 या काळात चाललेल्या सिनोडने, म्हणजे बिशपांच्या सल्लामसलतीच्या जागतिक सभेने, हा प्रश्न जगभर पुन्हा उघडला. ऑक्टोबर 2023 च्या अधिवेशनात प्रापंचिक स्त्री-पुरुषांनी बिशपांसोबत बसून मतदान केले. बिशपांच्या सिनोडमध्ये स्त्रियांनी मत देण्याची ती पहिलीच वेळ.

एकतेच्या दाव्याला भारतात सर्वांत मोठा तडा जातीचा आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दलित सक्षमीकरण धोरणात ख्रिस्तसभेच्या आतही अस्पृश्यता पाळली जाते हे मान्य केले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर आहेत. म्हणजे बाहेरून एक अन्याय आणि आतून दुसरा. एकाच कटोऱ्यातून ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यांत स्मशान वेगळे असेल, तर तिथे ख्रिस्ताचे शरीर जखमी आहे, असेच म्हणावे लागते.

भाषेच्या बाबतीत मात्र प्रापंचिकांना मिळायला हवे होते ते मिळाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजानंतर मिस्सा मराठीत होऊ लागली. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये राशोलला छापलेले ‘ख्रिस्तपुराण’, किंवा 1903 मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेले ‘निरोप्या’ मासिक, यांनी श्रद्धा मराठीत शिकवली होतीच. पण वेदीवरचा मुख्य विधी लॅटिनमध्येच होत असे, आणि बसलेले लोक जपमाळ ओढत. तो विधी मराठीत आल्यावर लोक उत्तरे देऊ लागले, वाचने वाचू लागले. सभा बोलू लागली.

महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि पूर्व विदर्भात ती विखुरलेली आहे. जिथे कुटुंबे दूरदूर आहेत, तिथे दर रविवारी फादर पोहोचतीलच असे नाही. अशा वेळी घरात किंवा काही कुटुंबांनी एकत्र जमून शास्त्रवाचन आणि प्रार्थना करावी, असे लॅटिन संहिता सांगते. वडील शुभवर्तमान वाचतात, आजी प्रार्थना सांगते, पोरे गाणे म्हणतात. ती मिस्सा नव्हे, ख्रिस्तप्रसादाशिवाय ख्रिस्तसभेचे जेवण अपुरेच राहते. तरीही ती ख्रिस्ताच्या नावाने जमलेली सभा असते.

निकडीच्या वेळी प्रापंचिकाला याहूनही मोठे काम करता येते. मरणासन्न बाळाला बाप्तिस्मा द्यायला फादरची वाट पाहावी लागत नाही. पौर्वात्य संहितेनुसार कोणीही ख्रिस्ती माणूस तो देऊ शकतो. लॅटिन संहितेनुसार तर योग्य हेतू असलेला कोणीही, अगदी बाप्तिस्मा न झालेली परिचारिकासुद्धा. डोक्यावर पाणी ओतायचे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे. त्यासाठी आशीर्वादित पाणीच हवे असे नाही, इटियाडोहच्या कालव्याचेही चालते. नंतर ती नोंद आपल्या चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत करून घ्यायची असते.