गोश्त गळवणारी पपई आणि फुफ्फुस वाचवणारं जनुक

कबाबसाठी गोश्त मऊ करायचं असेल तर आपल्या घरांत त्याला कच्च्या पपईचा कीस लावतात. पपईच्या चिकातलं ‘पपेन’ हे एन्झाइम गोश्तातली प्रथिनं कापतं. अशा एन्झाइमला ‘प्रोटीएज’ म्हणतात. आपल्या शरीरातही अशा कात्र्या आहेत. मग आपलं स्वतःचं मांस का गळत नाही?

कात्री कुठे असते?

रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी सर्वांत जास्त संख्या न्यूट्रोफिल पेशींची असते. जंतू शिरले की त्या आधी धावून जातात. त्यांच्या पोटात ‘इलॅस्टेज’ नावाची कात्री असते. ती जंतूंना मारायला मदत करते, पण बाहेर सांडली तर फुफ्फुसाला लवचिक ठेवणारे धागेही कापते. म्हणून शरीराने तिच्यावर पहारेकरी ठेवले आहेत. त्यांना प्रोटीएज इन्हिबिटर, म्हणजे रोधक म्हणतात.

रोधकाचं काम उंदराच्या पिंजऱ्यासारखं चालतं. त्याचा एक भाग आमिषासारखा पुढे असतो. कात्री तो कापायला जाते आणि तिथेच अडकते. पिंजराही पुन्हा वापरता येत नाही, म्हणून शरीराला नवे रोधक सतत बनवावे लागतात. ते कसे बनवायचे याची कृती जनुकात लिहिलेली असते.

उंदरांनी काय शिकवलं?

1963 मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना 5 जणांच्या रक्तात ‘अल्फा-1 अँटिट्रिप्सिन’ हा रोधक जवळजवळ सापडलाच नाही. त्यांतल्या तिघांची फुफ्फुसं खराब झालेली होती. त्याच सुमारास अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या फुफ्फुसात पपेन सोडून पाहिलं. हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती फाटल्या. या आजाराला एम्फिसीमा म्हणतात. म्हणजे कात्री जास्त झाली किंवा रोधक कमी पडला, नुकसान तेच.

हा रोधक यकृतात बनून रक्तातून फुफ्फुसात येतो. दुसरा, ‘सर्पिन-बी1’, खुद्द न्यूट्रोफिलच्या आतच असतो. 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी हे जनुक काढून टाकलेल्या छोट्या उंदरांना फुफ्फुसाचा संसर्ग दिला. त्यांच्या न्यूट्रोफिल लवकर मेल्या आणि जंतू हटले नाहीत. थोडक्यात, रोधक शिपायालाही त्याच्याच हत्यारापासून वाचवतो.

आपल्या जिल्ह्याशी संबंध काय?

अल्फा-1 चा जन्मजात दोष आपल्याकडे क्वचित आढळतो. पण जनुक चांगलं असूनही रोधक निकामी होऊ शकतो, आणि ते काम धूर करतो. बिडी-सिगारेटचा धूर न्यूट्रोफिलना फुफ्फुसात गोळा करतो, वर रोधकाला बिघडवतो. कात्र्या वाढतात, पहारा घटतो. बंद स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूरही फुफ्फुसाला घातकच. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. जिनिंगमध्ये उडणारी कापसाची धूळही या पेशींना फुफ्फुसात ओढून आणते.

फाटलेल्या पिशव्या पुन्हा जुळत नाहीत, हे घरातल्या मोठ्यांना सांगायलाच हवं. पण बिडी सोडली की पुढची झीज मंदावते, कोणत्याही वयात. चुलीजवळ खिडकी ठेवा, जमेल तिथे गॅस वापरा, जिनिंगमध्ये तोंडावर मास्क लावा. चढ चढताना दम लागत असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना स्पायरोमेट्रीबद्दल विचारा, यात नळीत फक्त जोराने फुंकायचं असतं. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर आधी टीबीची तपासणी करून घ्या.