भरलेली कॅश रिकामी करायची नसते

उल्हासनगरच्या दुरुस्तीच्या दुकानात काय किंवा बदलापूर लोकलच्या डब्यात काय, लॅपटॉप मंदावल्याचं कुणी बोललं की ‘कॅश क्लिअर कर’ हा सल्ला ठरलेला. तो ब्राउझरला लागू पडतो. ब्राउझर वेबसाइटवरची चित्रं, फायली डिस्कवर साठवतो. त्या पुसता येतात. प्रोसेसरच्या आतली कॅश मेमरी ही वेगळीच गोष्ट. तिच्यासाठी सेटिंगमध्ये बटण नसतं, आणि भरलेली असणं हीच तिची नेहमीची अवस्था. रिकामी केलीच, तर काम उलट रेंगाळेल. पहिल्या पातळीच्या कॅशमधून आकडा उचलायला चार-पाच क्लॉक सायकल लागतात. रॅमपर्यंत जायचं तर दोनशेच्या वर.

रॅम वाढवली की कॅशही वाढते, हाही समज पक्का आहे. आज कॅश प्रोसेसरच्या चिपमध्येच कोरलेली असते. पेंटियमच्या काळात काही मदरबोर्डांवर कॅशची वेगळी पट्टी बसवायची सोय होती, ती गेली. १९९८ मध्ये इंटेलचा पहिला सेलेरॉन दुसऱ्या पातळीच्या कॅशविनाच बाजारात आला आणि मंद म्हणून बदनाम झाला. त्याच वर्षीच्या ३००ए मॉडेलमध्ये १२८ केबी कॅश चिपवर आली आणि तो नावाजला गेला. म्हणून जुना लॅपटॉप घेताना नुसतं ‘आय-फाइव्ह’ ऐकून थांबू नका, पूर्ण मॉडेल नंबर बघा.

चिपवरची वेगवान मेमरी म्हणजे कॅशच, असंही नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेल्या परम ८००० या महासंगणकातल्या ट्रान्सप्युटर चिपवर ४ केबी मेमरी होती, पण तिथे काय ठेवायचं ते प्रोग्रामने ठरवायचं. कॅशमध्ये तो निर्णय हार्डवेअर घेतं.

कसा घेतं, इथेच खरी गंमत आहे. एक बाइट मागितला तरी बहुतेक लॅपटॉपमध्ये शेजारच्यांसकट ६४ बाइटांची अख्खी ‘लाइन’ येते. ती मिळेल त्या मोकळ्या जागी बसते, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. ३२ केबीच्या नेहमीच्या कॅशमध्ये ६४ सेट, प्रत्येकात आठ जागा; सेट ठरतो मेमरीतल्या पत्त्यावरून. लोकलच्या पासवर डबा नेमून दिला असता तर अंबरनाथला चढणाऱ्याला बाजूचा डबा रिकामा असूनही उपयोग झाला नसता. त्याच्याच डब्यात कुणाला तरी उठावं लागलं असतं. कॅशमध्ये नेमकं हेच होतं.

उठवायचं कुणाला? सगळ्यात आधी आलेल्याला, हे उत्तर सहसा चुकीचं. बराच वेळ न वापरलेल्याला, हे उत्तर जवळचं, पण तेही पूर्ण नाही. आठ लाइनांच्या वापराचे ४०,३२० क्रम होतात. ते अचूक नोंदवायला प्रत्येक सेटमागे १६ बिट लागतील, आणि प्रत्येक वापरानंतर ते बदलावे लागतील. म्हणून अनेक प्रोसेसर सात बिटांच्या झाडासारख्या नोंदीवर भागवतात आणि अंदाजाने लाइन काढतात. जे पुढे सर्वांत उशिरा लागणार ते काढणं हा आदर्श उपाय संगणकशास्त्रज्ञ लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्येच मांडला होता. पण पुढे काय लागणार हे चिपला कळायचं कसं?

काढलेल्या लाइनमधला डेटा गेला, अशी भीतीही नको. लाइन बदललेली नसेल तर तिची प्रत खाली आहेच. बदललेली असेल तर ती आधी खालच्या पातळीवर लिहिली जाते आणि मगच जागा सुटते.

आता सी भाषेत १०२४ बाय १०२४ पूर्णांकांचा तक्ता घ्या. पूर्णांक चार बाइटांचा, म्हणजे ओळ ४०९६ बाइटांची. ओळीने बेरीज केली तर आणलेल्या प्रत्येक लाइनमधले सोळाच्या सोळा आकडे कामी येतात. स्तंभाने केली तर पत्ता दर वेळी ४०९६ ने पुढे सरकतो, आणि ६४ सेट गुणिले ६४ बाइट म्हणजेही ४०९६. अख्खा स्तंभ एकाच सेटवर तुटून पडतो. आठ जागांवर १०२४ लाइनांची झुंबड उडते. बाकीचे ६३ सेट तेवढा वेळ स्वस्थ. पुढच्या स्तंभासाठी पहिली लाइन पुन्हा हवी होते, तोवर ती हाकलली गेलेली असते. बेरीज तीच, वेळ कितीतरी पटीने जास्त. रॅम वाढवून यात काही फरक पडत नाही. दोन फॉर लूपची अदलाबदल करावी लागते. हे स्वतःच्या लॅपटॉपवर जरूर मोजून बघा. फक्त कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवा, नाहीतर लूपची अदलाबदल तो स्वतःच करून मोकळा होऊ शकतो.