पिल्लू घरात घाण करते, की आजारी आहे?

पावसाळ्यात वस्तीत एक गोष्ट हमखास घडते. शाळेतून येताना मुले गटाराच्या कडेला कुडकुडणारे पिल्लू दप्तराच्या आडोशाने घरी आणतात. आई दारातच ओरडते, "आधीच आपल्याला जागा नाही, आणि हे कुठे ठेवता?" आणि दोन दिवसांनी तीच आई त्याच्यासाठी चपातीचा तुकडा बाजूला काढून ठेवते.

आमच्या घरीही असेच एक पिल्लू आले. मादी, वय तीनेक महिने. पंधरा-वीस दिवसांत ती बाहेर जाऊन शू करायला शिकली. घरातल्या सगळ्यांना कौतुक. मग एक दिवस अचानक तिने खोलीतच बसायला सुरुवात केली. गोधडीवर, मोरीच्या कट्ट्याजवळ, चपलांवर. बसायची, दोन थेंब यायचे, उठायची, चार पावले जाऊन पुन्हा बसायची. आम्हाला वाटले, लाडाने माजली. तीन दिवस तिने झाडूचा मार खाल्ला. चौथ्या दिवशी पांढऱ्या फरशीवर पडलेल्या थेंबांत गुलाबी रंग दिसला, तेव्हा तिला घेऊन पळालो. डॉक्टर म्हणाले, "ताई, हिच्या मूत्राशयाला संसर्ग झालाय. जळजळ होते म्हणून ती सारखी बसते. मारून काय होणार?" औषधाने ती बरी झाली. पण झाडू हातात घेतला की आजही ती कोपऱ्यात जाऊन बसते.

म्हणून आधी हे समजून घेऊ, की लहान पिल्लाचे नेहमीचे वागणे कोणते आणि आजाराचे कोणते.

सवय की आजार?

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला लघवी फार वेळ धरून ठेवता येत नाही. ढोबळ हिशेब असा, की पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा. जास्तीत जास्त तितके तास ते कळ काढू शकते. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर ते लगेच शू करणारच. दिवसातून चार-पाच वेळा शी करणेही या वयात चालते. करण्यापूर्वी जमीन हुंगत गोल फिरणे ही तर जातीची सवय. कोणी ओरडले, अंगावर धावून गेले की जागच्या जागी शू होणे हाही आजार नाही. ती भीती आहे, आणि जितके जास्त ओरडावे तितकी ती वाढते.

पिल्ले कधी कधी स्वतःची किंवा दुसऱ्याची शी खातात. किळस येते, पण बऱ्याच पिल्लांत ही खोड मोठेपणी जाते. त्यांची आईसुद्धा जागा स्वच्छ राहावी म्हणून पिल्लांची शी चाटून खाते. मात्र पिल्लू हाडकुळे राहत असेल, पोट तेवढे फुगलेले असेल आणि शी खात असेल, तर त्याला अन्न कमी पडते आहे किंवा पोटात जंत आहेत, असे समजावे.

लक्ष द्यायचे ते बदलाकडे. कालपर्यंत बाहेर जाणारे पिल्लू आज घरात का करते? रोज घट्ट शी करणारे आज पाण्यासारखी का करते? बसते, कुंथते, पण काहीच का येत नाही? अशा वेळी झाडू बाजूला ठेवून आधी खाली काय पडले आहे ते वाकून पाहावे.

रक्ताची पातळ शी: येथे तास मोजायचे

एकाच कुत्रीची पाच-सहा पिल्ले आठवडाभरात एकामागून एक मेली, की गल्लीत बोलले जाते, कोणीतरी विष घातले. अनेकदा ते विष नसते, पार्वो नावाच्या विषाणूचा आजार असतो. दीड ते सहा महिन्यांच्या, लस न दिलेल्या पिल्लांना तो सर्वाधिक होतो. आधी पिल्लू खाणे सोडते, खेळत नाही, कोपऱ्यात पडून राहते. मग उलट्या. मग पाण्यासारखी, भयंकर दुर्गंधी येणारी शी, आणि पुष्कळदा तिच्यात रक्त. शरीरातले पाणी झपाट्याने जाते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू दगावू शकते. "उद्या बघू" म्हणण्याइतकाही वेळ नसतो. या विषाणूला मारणारे औषध नाही. सलाईन, उलटी थांबवण्याचे इंजेक्शन आणि दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविके, यावर पिल्लाला तगवून धरावे लागते. वेळेवर नेलेली बरीच पिल्ले वाचतात. उपचारच मिळाले नाहीत तर बहुतेक जातात.

रक्त नसले तरी जुलाब आणि उलट्या दोन्ही एकदम सुरू झाल्या, किंवा जुलाब होऊन पिल्लू सुस्त पडले, तर थांबू नये. पाणी किती कमी झाले ते घरी पाहता येते. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच खाली न बसता तशीच उभी राहिली, तर पाणी कमी झाले आहे. हिरडी बोटाने दाबून सोडावी. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. ती पांढरीफटक दिसली तर अंगात रक्त कमी आहे.

पिल्लू खेळते आहे, खाते आहे आणि फक्त शी पातळ आहे, तर पहिला संशय दुधावर घ्यावा. आपण प्रेमाने गाईचे-म्हशीचे दूध वाटीभर पाजतो आणि अनेक पिल्लांना ते पचत नाही. दूध बंद करून मऊ भात आणि मीठ-मसाला नसलेले उकडलेले चिकन थोडे थोडे द्यावे, स्वच्छ पाणी समोर ठेवावे. एका दिवसात फरक पडला नाही तर दवाखाना. आपल्या घरातली जुलाबाची किंवा तापाची गोळी मोडून देऊ नये. माणसाला चालणारी वेदनाशामके कुत्र्याला विषासारखी ठरू शकतात.

पार्वो माणसाला होत नाही, तेव्हा मुलांबद्दल घाबरू नये. पण हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो, आणि आपल्या हातांवरून, चपलांवरून शेजारच्या पिल्लापर्यंत पोचतो. नुसत्या फिनेलवर भरवसा ठेवू नये. जागा आधी साबणाने धुवावी, मग बाजारात मिळणारे पातळ ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, असे मिश्रण टाकून दहा मिनिटे राहू द्यावे. त्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो. आणि एक पिल्लू गेले म्हणून मुले रडतात, त्यांच्या समजुतीसाठी आठवड्याच्या आत त्याच घरात बिनलशीचे दुसरे आणू नये.

पार्वोची लस दीड-दोन महिन्यांच्या वयात सुरू होते आणि पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. एकच टोचून "झाली लस" म्हणून सोडून दिलेली पिल्लेही आजारी पडतात. रेबीजची लस वेगळी, ती तीन महिन्यांच्या सुमारास.

जंत आणि घरातली मुले

बाहेरून आणलेल्या जवळजवळ प्रत्येक पिल्लाच्या पोटात जंत असतात असेच धरून चालावे. आईच्या पोटातूनच गोल जंत पिल्लात येतात, दुधातूनही येतात. शीत किंवा उलटीत शेवयांसारखे लांब पांढरे जंत दिसतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे काही चिकटलेले दिसले, पिल्लू बूड जमिनीवर घासत पुढे सरकू लागले, तर तो पट्टकृमी असू शकतो. तो पिसवांमुळे होतो, म्हणून पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. डांबरासारखी काळी चिकट शी आणि पांढऱ्या हिरड्या असे एकत्र दिसले, तर आकडेकृमी आतून रक्त पीत असण्याची शक्यता मोठी. लहानशा जिवाला ते जिवावर बेतते.

हा प्रश्न पिल्लापुरता राहत नाही. गोल जंताची अंडी शीबरोबर मातीत पडतात आणि दोन-चार आठवड्यांत संसर्ग करण्याजोगी होतात. मातीत खेळणारे मूल तोच हात तोंडात घालते. कुत्र्याचा हा जंत मुलाच्या आतड्यात मोठा होत नाही, त्यामुळे मुलाच्या शीत तो दिसतही नाही; त्याच्या अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात शिरून नजरेला धोका करतात. आकडेकृमीच्या अळ्या अनवाणी पायातून शिरतात आणि कातडीवर नागमोडी खाजरी रेघ उमटते. शाळेत, अंगणवाडीत मुलांना फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी मिळते. त्याच मुलांबरोबर गोधडीत शिरणाऱ्या पिल्लाला मात्र कोणी विचारत नाही.

पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर सहाव्या महिन्यापर्यंत महिन्यातून एकदा जंताचे औषध द्यावे. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांकडूनच घ्यावी. शी त्याच दिवशी कागदाने उचलून टाकावी आणि पिल्लाशी खेळून झाल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावावेत.

लघवीच्या तक्रारी

सारखे बसणे, थेंब थेंब होणे, करताना कण्हणे, ती जागा सतत चाटणे, लघवीला उग्र वास किंवा लाल रंग, ही संसर्गाची खूण. मादी पिल्लांत तो जास्त दिसतो. नर पिल्लू कुंथते आहे आणि एक थेंबही येत नाही, पोट टणक लागते, तर मार्ग अडला असू शकतो. त्याच दिवशी न्यावे. झोपेतही शू ठिबकत असेल, मागचे केस कायम ओले असतील, तर मूत्रनलिका जन्मतः चुकीच्या जागी जोडलेली असण्याची शक्यता असते. असे पिल्लू कितीही शिकवले तरी शिकणार नाही, कारण त्याच्या हातातच ते नाही.

पावसाळ्यात घुशी-उंदरांच्या लघवीमुळे लेप्टोस्पायरोसिस पसरतो. कुत्र्यालाही होतो. ताप, उलट्या, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर उघड्या हाताने त्याची लघवी पुसू नये. हा आजार जखमेतून माणसाला होतो. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवावी.

काही अडले असेल तर

वस्तीतले पिल्लू काय गिळेल याचा नेम नाही: हाड, पिशवी, मांजा, चिंधी. शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नये; आत आतडे कापले जाते. कुंथून कुंथून लालभडक नळीसारखा भाग बाहेर आला, तर स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून लगेच न्यावे. आणि पिल्लाच्या तोंडातून लाळ गळते आहे, पाणी गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, तर हाड अडकले समजून तोंडात हात घालू नये. तो रेबीज असू शकतो. दात किंवा नख लागलेच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करावी.

आईवेगळ्या, डोळे न उघडलेल्या पिल्लांविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू करताच येत नाही. आई चाटते तेव्हाच होते. आई नसेल तर प्रत्येक वेळी पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस शेपटीखाली हलकेच फिरवावा. दूध पाजूनही पोट फुगून पिल्लू मेले, असे ऐकतो, त्यात हेही एक कारण असते.

उपचारासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जवळ असेल तर तिथे आधी जावे. मुंबईत परळला, तसेच नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथेही जनावरे तपासली जातात. जाताना ताजी शी झाकणाच्या डबीत न्यावी, किंवा मोबाइलवर फोटो काढावा. वय किती, कधीपासून, किती वेळा, काय खाल्ले, उलटी झाली का, कोणती लस झाली, हे डॉक्टर विचारतील. पिल्लू रोज ज्या मुलाच्या मागे फिरते त्याला बरोबर न्यावे. ते दुपारी काय चघळत होते हे बहुधा त्यालाच माहीत असते.