चार्जर रस्त्याचा की गावाचा?

विजेच्या मोटारीने पाहुणा यायचा असला की आमच्या शहापुरात हल्ली चहापाण्याआधी एक चौकशी होते : अंगणात पंधरा अँपिअरचा प्लग आहे ना? गेल्या उन्हाळ्यात भाचा ठाण्याहून आला आणि ओसरीच्या खिडकीतून केबल काढून रात्रभर गाडीला वीज पाजत बसला. लहान मोटारीच्या बॅटरीत साधारण ३० युनिट मावतात. घरचा प्लग तासाला जेमतेम ३ देतो. म्हणजे दहा तास. शिवाय मध्ये वीज गेली की मुक्काम वाढला. आमची आई म्हणाली, "बैलसुद्धा याहून लवकर पोट भरून उठतो." म्हशाच्या जत्रेतून बैल आणलेल्या घरातली ती, तिला हिशेब कळतो.

रस्त्यावर सोयच नाही असे मात्र नाही. केंद्र सरकारने २०१८ साली सूचना काढल्या : शहरात तीन किलोमीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकटीत एक चार्जिंग केंद्र हवे आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला, दोन्ही बाजूंना. मुंबई-नाशिक रस्त्यावरच्या हॉटेलांच्या आवारात जलद चार्जर दिसू लागले आहेत. तालुक्यातून जाणारा 'समृद्धी'चा शेवटचा टप्पाही जून २०२५ मध्ये खुला झाला. प्रवासी मिसळ खातो, तेवढ्यात गाडी बऱ्यापैकी भरते, दोघेही नाशिकला जातात. उत्तम आहे. पण शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला जाणारा रस्ता या हिशेबात कुठे बसतो? तो शहरात नाही आणि महामार्गही नाही.

शहापूरकराला हा अनुभव नवा नाही. भातसा, तानसा आमच्या तालुक्यात; पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतात. विजेचेही तसेच होणार असेल, तर आताच बोललेले बरे.

खरे म्हणजे गावाला जलद चार्जर नकोच आहे. ६० किलोवॉटचा एक चार्जर लावला, तर गावातले ६३ के.व्ही.ए.चे रोहित्र तो एकटाच गिळेल; मग शेजारच्या घरांतले पंखे कशावर फिरणार? गावाची गरज हळू भरणाऱ्या विजेची आहे. आसनगाव स्टेशनाबाहेर सकाळी दुचाकी लावून मुंबईची लोकल पकडणारा माणूस संध्याकाळशिवाय परतत नाही. त्याची स्कूटर दहा-अकरा तास नुसती उन्हात उभी. विजेच्या स्कूटरला साधारण तीन युनिट पुरतात. साध्या प्लगवर चार-पाच तासांत ती भरते, घाई कोणालाच नसते. तळावर असे वीस प्लग लावले आणि निम्म्या गाड्या सकाळी, निम्म्या दुपारी भरल्या, तरी एका वेळचा भार सात-आठ किलोवॉटच्या वर जाणार नाही. मालकाचे युनिटमागे रुपया-दोन रुपये सुटले तरी पुरे.

मुरबाडचे गणित वेगळे. तिथे रेल्वे नाही. कल्याण गाठायचे तर एस.टी., नाही तर जीप. विजेची रिक्षा घेणारा चालक पहिला प्रश्न हाच विचारतो, की शेवटच्या फेरीला पुरेल का? दुपारी स्टँडवर दोन तास ग्राहक नसतो. त्या दोन तासांत सावलीत एक प्लग मिळाला, तर संध्याकाळच्या दोन फेऱ्या पदरात पडतात. त्याच्या घरातल्या चुलीचा प्रश्न एवढ्यावर येऊन थांबतो.

परवान्याची अडचणही नाही. चार्जिंग केंद्रासाठी वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. ग्रामपंचायत, बचत गट, एखादा किराणा दुकानदार, कोणीही ते चालवू शकतो. हवे काय, तर मीटर, छप्पर, चांगले अर्थिंग आणि पावसाळ्यात न भिजणारा खोका. आमच्याकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे, तो खोक्यावर पैसे वाचवणार नाही.

उरतो तो मीटर कोणाच्या नावावर घ्यायचा हा प्रश्न. एस.टी. स्टँडची जागा महामंडळाची, स्टेशनाची रेल्वेची, रस्त्याकडेची बांधकाम खात्याची. किराणावाल्याची जागा मात्र त्याची स्वतःची असते. किन्हवलीच्या बाजारातून सुरुवात करायला काय हरकत आहे?