जीर्ण पोथी व जपानी कागद

धामणगाव बढे येथील आमच्या घराच्या माळ्यावर बासनांत बांधलेली एक जुनी पोथी आहे. तिचीं फाटकीं पानें मीं कांहीं वर्षांपूर्वीं मोठ्या हौसेनें पारदर्शक चिकटपट्टीनें जोडिलीं. यंदा बासन सोडून पाहतों तों पट्टी पिवळी पडून सुटलेली, आणि तिच्या गोंदाचा तेलकट डाग अक्षरांवर उमटलेला! कसरीनें जें केलें नव्हतें, तें माझ्या हौसेनें केलें. हीच चूक इतर घरींही होत असेल, म्हणून हे चार शब्द.

आपल्याकडील जुना कागद कांहीं हलका नव्हता. जुन्नर व दौलताबादेजवळील कागदीपुरा येथील कागदी लोक चिंध्या व ताग कुटून लगदा करीत, काड्यांच्या चटईवर ताव उचलीत, आणि वाळल्यावर खळ लावून गुळगुळीत दगडानें घोटीत. त्यामुळें बोरूची शाई त्यावर फुटत नसे. अक्षर चुकल्यास पिवळा हरताळ फांसून वर पुन्हां लिहीत. ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार तेथलाच. पुढें गिरणीच्या कागदानें हा धंदा मागें पडला. १९३४ सालीं गांधीजींच्या प्रेरणेनें निघालेल्या ग्रामोद्योग संघानें वर्ध्यास त्याला पुन्हां हात दिला, आणि १९४० सालीं पुण्यास हातकागदाची संस्था निघाली.

जपानी कागदाची रीत थोडी निराळी. तेथें तुतीच्या कुळांतील ‘कोझो’ झाडाची आंतरसाल क्षारांत शिजवून, धुवून कुटतात. लगद्यांत भेंडीच्या जातीच्या एका झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस घालितात. त्यानें लांब तंतु पाण्यांत तरंगत राहतात; बांबूच्या बारीक काड्यांचा साचा हालवितांच ते एकमेकांत गुंततात. म्हणून कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, तरी चिवट होतो. २०१४ सालीं युनेस्कोनें या कलेस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

जगभर जीर्ण ग्रंथांची डागडुजी करणारे हाच कागद वापरतात. त्याची पट्टी कात्रीनें न कापितां ओल्या रेघेवर हातानें फाडावी. म्हणजे कडेचे तंतु मोकळे राहून पानाशीं एकजीव होतात. ती गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीनें चिकटवावी. ही खळ पुढें पाण्यानें सोडवितां येते, व यांतच तिचें मर्म आहे: केलेली दुरुस्ती मागें घेतां आली पाहिजे. मात्र शाई पाण्यानें पसरत असेल, तर हात न लावितां पोथी जाणकाराकडे न्यावी.

आरंभ पोथीवर नको, कोऱ्या वहीवर करावा. सुटींत मुलांस जवळ बसवून चार ताव दुमडावे व घडीवर तीन छिद्रें पाडावीं. दोरा आंतून मधल्या छिद्रांतून बाहेर काढावा, वरच्यांतून आंत घ्यावा, खालच्यांतून बाहेर काढून पुन्हां मधल्यांतून आंत आणावा, आणि मधल्या लांब टांक्यावर गांठ मारावी. वही तयार!

समर्थांनीं दासबोधांत लेखनक्रियेवर एक सबंध समास लिहिला, तो उगाच नव्हे. पूर्वीं लेखनिक पोथीच्या शेवटीं तिला तेल, पाणी व सैल बंधन यांपासून जपण्याची विनवणी करी. ती विनवणी वाचणारे घरांत आहेत. ती पाळणारे हात मात्र आतां तयार करावयाचे आहेत.