चैत्यभूमीला निघताना मोबाईलवर एक निरोप

६ डिसेंबरला शिंदखेड्याहून निघालेले आपले लोक गच्च डब्यात रात्र काढतात, शिवाजी पार्कात धुळीत झोपतात. खोकला मात्र घरी आल्यावर सुरू होतो. फ्लूची लक्षणे संसर्गानंतर साधारण १ ते ४ दिवसांनी दिसतात. मग ‘मुंबईचं पाणी बाधलं’ म्हणत दुखणे अंगावर काढले जाते. त्यात कापूस वेचणीचे दिवस, मजुरी बुडते.

महापालिका तिथे वैद्यकीय कक्ष उभारते, पण तिथे जाणारा आधीच आजारी असतो. काळजी गावातूनच घ्यायला हवी.

आम्ही कार्यकर्त्यांना सुचवतो, लांबलचक मजकूर फॉरवर्ड करू नका. आपल्या आज्या तो वाचत नाहीत. अहिराणीत एक मिनिटाचा आवाजी मेसेज पाठवा. निघण्याआधी सांगा : मास्क लावा, दम्याचा पंप हाताशी ठेवा, ताप-खोकला असेल तर घरूनच अभिवादन करा. (२०२० साली कोरोनात बहुतेकांनी तेच केले, श्रद्धा काही कमी झाली नाही.)

परतल्यावरचा मेसेज सगळेच विसरतात. दम लागला तर लगेच दवाखाना. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकीची तपासणी, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

साधा फोन असलेल्यांना कॉलच करावा लागेल. वस्तीतल्या एकेका तरुणाने दहा-दहा घरे वाटून घ्यावीत.